व्हा समोर, मी येतो

आमच्या गावात मामांच्या पुढे जायला कुणालाही मिळायचं. काल चालायला लागलेल्या पोट्ट्यालासुद्धा. मागून पावलांचा आवाज आला की मामा बाजूला सरकायचे, काठी बगलेत धरायचे आणि म्हणायचे, "व्हा समोर, मी येतो." वरातीत ते बँडवाल्यांच्या जनरेटरच्याही मागे असायचे. रेशनच्या रांगेत इतक्या लोकांना समोर व्हायला सांगायचे, की त्यांची पाळी येईस्तोवर दुकानदाराचा हात शटरवर गेलेला असायचा. माझ्या लग्नातल्या एका फोटोत ते आहेत असं मी सांगते म्हणून लोक मानतात. दिसतं ते फक्त डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक.

मी एकदा विचारलंसुद्धा, "मामा, असे काऊन हो तुमी? कोनी खाते का तुमाले समोर चाललं तं?"

"तसं नाई वं पोरी," मामा म्हणाले, "समोर चाललो का मले वाटते, मांगं काई तरी राह्यलं."

आणि ते खरंच होतं. मामा आमच्या गावचे ढोरकी, नात्याने कुणाचेच नाहीत पण अख्ख्या गावाचे मामा. तळेगावपासून थोडं आत आमचं गाव. रोज सकाळी घरोघरची ढोरं गावाबाहेरच्या आखरावर जमायची, तिथून मामा त्यांना गावातल्या गल्लीतून, मग भाजीच्या वावरांमधल्या पांदणीतून पलीकडच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी, पडीत चारायला न्यायचे आणि दिवस कलला की परत आणायचे. जन्म ढोरांच्या मागे गेला. पुढे चालणं त्यांना कुणी शिकवलंच नाही. पण म्हणून त्यांना कुणी गरीब गाय समजू नये. पाय सगळ्यांच्या मागे असले तरी तोंड सगळ्यांच्या पुढे होतं. जगातला असा एक विषय नव्हता ज्यावर मामांचं मत नव्हतं, आणि प्रत्येक मत शेवटी ढोरांवरच येऊन थांबायचं.

मामांचं पहिलं तत्त्वज्ञान असं, की कळप हाकलावा लागत नाही. "एक पाह्यजे चालनारी. बाकीच्या तं आल्याच समजा." ही चालणारी म्हणजे आमची सोमी. सोमवारी जन्मली म्हणून सोमी. पांढरीशुभ्र गवळाऊ गाय, लांबट तोंड, एक शिंग जरा वाकडं. माझ्या आईने तिला वासरापासून वाढवलेलं. अंगाने काही ती मोठी नव्हती. ताकद पाहायची तर किराणा दुकानवाल्याची मारकी गाय होती, तिला पाहून बैलही वाट सोडत. मला लहानपणी वाटायचं, कळपाची पुढारी तीच असायला हवी. मामा हसले होते. "मारकी म्हंजे पयलवान. पयलवानाच्या मांगं कोनी जाते का? त्याच्यापासून दूर जाते."

सोमी मात्र काहीच करायची नाही. चरता चरता तोंड वर करायची, जरा उभी राहायची आणि चालू लागायची. की इकडची एक मान वर, तिकडची एक मान वर, आणि बघता बघता अख्खा कळप तिच्या मागे. मामा सांगायचे, "ते कोनाले बोलवत नाई. निघते. बाकीच्याईले वाटते, हे निघाली म्हंजे हिले काई तरी माईत असन."

"आन् माईत असते का हो मामा?"

"कधी असते, कधी नसते. पन तिच्या तोंडावर दिसत नाई ना!"

माझ्या वर्ध्याच्या ऑफिसात नवे साहेब आले की मला हे वाक्य हटकून आठवतं, आणि मग मला मीटिंगमध्ये हसू दाबत बसावं लागतं.

मामांचं दुसरं तत्त्वज्ञान नव्या गायीचं. बाजारातून कुणी नवी गाय आणली की जुन्या तिला जवळ येऊ देत नाहीत. शिंगं दाखवतात, पाण्यावर ढकलतात. ती बिचारी कडेकडेने चरत राहते. मग एक दिवस कुणीतरी एक गाय जाऊन तिची मान चाटते, आणि संपलं, त्या दिवसापासून ती कळपातली. मामांचा मुलगा ट्रकवर ड्रायव्हर. त्याचं लग्न होऊन वंदना घरात आली, तेव्हा मामांनी तिला जवळ बसवून हाच उपदेश केला होता. "सूनबाई, तू नवी गाय हाय. थोडे दिवस गावातल्या बाया शिंगं दाखवतीन. भ्याचं नाई. मंग कोनी तरी चाटनच."

मामांचं घर आमच्या घराच्या अगदी समोर. दुसऱ्याच दिवशी विहिरीवर आईला म्हणाली, "काकू, मामाजी म्हनते का कोनी तरी मले चाटन. तुमीच का?" आईच्या हातून बादली विहिरीत पडली. हसून हसून दोघी खाली बसल्या. तेव्हापासून त्या दोघींचं असं मेतकूट जमलं, की मी माहेरी गेले तरी आई आधी वंदनाची खुशाली सांगते आणि मग माझी विचारते.

आमच्या घरचं पीक वांगी, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आई आठवडी बाजारात तळेगावला बसायची. एखाद्या बाजारी काय होतं देव जाणे, शेजारच्या ढिगावर झुंबड आणि आपल्या वांग्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. अशा वेळी मामा बाजारात असले तर आईची काळजी मिटायची. मामा येऊन आमच्या ढिगापुढे उकिडवे बसत. एक वांगं उचलत, उन्हात धरत, देठ बघत, कानाशी नेऊन दाबत. वांग्याचा आवाज ऐकणारा माणूस जगात दुसरा नसेल. चेहऱ्यावर भाव असा, की घरी मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत आणि भाजी साधीसुधी चालायची नाही. जाणारी एक बाई थांबायची. मग दुसरी. मग त्या दोघी कशाला थांबल्या ते बघायला तिसरी. गर्दी जमली की मामा तसेच उकिडवे मागे मागे सरकत बाहेर पडायचे. "ताई, चालनारी एक लागते, तशी थांबनारीबी एक लागते," असं आईला सांगून, ढिगातली दोन चांगली वांगी मजुरी म्हणून दुपट्ट्यात बांधून न्यायचे.

सगळंच काही खरं ठरायचं नाही हो त्यांचं. एकदा मी माहेरहून परत निघाले होते, मामा बसवर सोडायला आले होते. तळेगावच्या स्टँडवर वर्ध्याची गाडी लागली आणि लोक धावले. मामांनी माझी पिशवी धरून ठेवली. "थांब. ढोराईवानी धावू नको. हे सारे एकाच्या मांगं धावून राह्यले. तो समोरचा चुकला हाय, गाडी तिकडं मांगं लागन." आम्ही मामांच्या ज्ञानावर विश्वास ठेवून शांतपणे उभे राहिलो. गाडी भरली, घंटी वाजली, आणि आमच्या नाकासमोरून वर्ध्याला निघून गेली. मामा बराच वेळ त्या धुराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समोरच्याले माईत होतं वाटते." पुढच्या गाडीपर्यंत त्यांनी मला दोनदा चहा पाजला आणि घरी कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली. मी अर्थातच सगळ्यांना सांगितलं.

मामांची सकाळची एक पद्धत होती. कळप आखरावरून निघून आमच्या गल्लीत आला की ते स्वतःच्या दारी थांबायचे. वंदना शिदोरी आणून द्यायची. मामा शिदोरी सोडायचे, भाकरीचा एक तुकडा मोडून सोमीला द्यायचे, तिच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "व्हा समोर, मी येतो." मग सोमी निघायची, मागे सगळ्या, आणि सगळ्यांच्या मागे मामा. वर्षानुवर्षं हा क्रम. भाकर काय तुकडाभर, पण मामांची पक्की समजूत, की त्या तुकड्यावर अख्खा कळप चालतो. "गाडीले जशी चाबी, तशी सोमीले भाकर," असं ते सांगायचे. ही चाबी एक दिवस भलत्याच कुलपात अडकेल असं त्यांना काही वाटलं नव्हतं.

दोन वर्षांमागची गोष्ट. पोळ्याच्या आधीचे दिवस. कळप पांदणीतून चालला होता आणि शेजारच्या वावरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पहिल्यांदाच ड्रोनची फवारणी सुरू होती. ते भिरभिरं एकदम धुऱ्यावरून, बांधाच्या आडून वर आलं. सोमीने मान वर केली, नाक फेंदारलं, आणि दुसऱ्या क्षणी तारेचं कुंपण ओलांडून आमच्याच मेथीत. मालकिणीच्याच वावरात! मग काय विचारता. तिच्या मागे मारकी, मारकीच्या मागे गाव. मेथी गेली, पालक गेला, वांग्यांच्या वाफ्यातून जणू पलटण गेली. आई कपाळावर हात मारून ओरडत होती, "मामा, अहो मामा, थांबवा त्या भवानीले!" आणि मामा जन्मात पहिल्यांदा कळपाच्या पुढे जायला धावले. पाटाच्या चिखलात पाय गेला आणि गुडघा पिरगळला तो कायमचा. डॉक्टरांनी सांगितलं, आता चालायचं ते घरातल्या घरात.

"पाह्यलं?" खाटेवर पडल्या पडल्या मामा मला म्हणाले, "म्या सांगत नव्हतो? माझं काम मांगंच हाय."

आता कळप कोण नेणार? मुलगा महिन्यातून दोन दिवस घरी. वंदना म्हणाली, मी नेते. दुपारची भाकर घेऊन ती कितीदा रानात गेलेली, सगळ्या ढोरांना नावाने ओळखणारी. आईजवळ बोलली, "काकू, मले आता लोकाईच्या वावरात निंदाले नाई जाचं. हे काम मले येते, आन् मले आवडते." पण गावातली जुनी माणसं माना हलवायला लागली. बाईमाणसाच्या मागे कळप राहील का? शेवटी मारुतीच्या पारावर ठरलं, की दिवाळीच्या पाडव्यापर्यंत पाहू. त्या दिवशी आमच्याकडे गायगोधन असतं. गायी रंगवून, सजवून, वाजतगाजत आणतात आणि शेणाच्या गोवर्धनावरून अख्खा कळप पार करवतात. तो ढोरक्याचा मानाचा दिवस. तोवर कळप धड चालला तर काम वंदनाचं. नाही तर ज्याने त्याने आपापली ढोरं घरी बांधावी आणि गावचा कळप मोडावा.

आणि इथे सोमीबाई आडव्या आल्या.

पहिल्या दिवशी वंदना काठी घेऊन, कमरेला पदर खोचून निघाली. कळप आखरावरून गल्लीपर्यंत छान आला. मामांच्या दारासमोर सोमी थांबली. ओट्यावर मामा बसलेले, गुडघ्याला पट्टा. सोमी थांबली म्हणून सगळा कळप थांबला. मागून दूधवाल्याची मोटारसायकल, शाळेच्या पोरांचा ऑटो, सगळे पोंपों करायला लागले. मामा ओरडले, "चाल वं सोमे! हाट!" मामांचा आवाज ऐकून ती आणखी घट्ट उभी राहिली. त्यांनी भाकर दिली. तिने खाल्ली आणि ते उठून मागे येतील म्हणून वाट बघत बसली. वंदनाने ओढली, ढकलली, आईने येऊन तिला चार शिव्या दिल्या. शेवटी मामाच लंगडत मागे जाऊन उभे राहिले, तेव्हा कुठे स्वारी हलली, आणि पांदणीच्या तोंडाशी मामा मागे नाहीत हे कळल्यावर सगळ्याजणी वळून परत आल्या.

रोज हाच तमाशा. मामांना आत कोंडून दार लावलं, तर सोमी दाराशी येऊन हंबरली, आणि तिच्या सुरात सूर मिसळून सगळ्या. मामांना आमच्या घरी आणून बसवलं, तर दोन दिवसांत तिने तेही हुडकून काढलं. वंदनाने स्वतः भाकर दिली, ती बाईसाहेबांनी घेतली, खाल्ली, आणि जागची हलली नाही. मी शनिवारी गावी गेले तर वंदना चुलीपाशी रडकुंडीला आलेली, आणि मामा ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "काय करू गा, ऐकतच नाई. मी नाई तं पाय उचलत नाई. जनावराची माया लय वंगाळ."

आई तांदूळ निवडत होती. ती उठली, सूप घेऊनच त्यांच्या ओट्यावर गेली.

"मामा, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला ना ताई."

"तुमीच खुश होऊन राह्यले. थे गाय थांबली का तुमच्या तोंडावर दिवाळी दिसते. त्या पोरीचं काय?"

मामांनी गुडघ्यावरचा पट्टा उगाच सैल केला, पुन्हा आवळला. मग हळूच म्हणाले, "खरं हाय, ताई. मले गोड लागून राह्यलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, चार जणांनी मिळून ढोरं कशीबशी रानात हाकलली असताना, मामांनी पिशवी भरली. त्यांची मुलगी गिरडला दिली आहे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्याकडे जायचं त्यांनी ठरवलं. "मी दिसनार नाई, माझा वास येनार नाई, तं ते मले इसरन. ढोर इसरते. इसरलंच पाह्यजे, नाई तं जगन कसं?" ओट्यावरची घोंगडी घेतली, जुन्या वहाणा घेतल्या, काठी मात्र वंदनाच्या हातात दिली. मी परत वर्ध्याला निघालेच होते, त्यामुळे सोबत मीच. गाव सोडेपर्यंत ते माझ्या मागे मागे चालत होते. पांदणीपाशी थांबून त्यांनी रानाकडे एकदा पाहिलं, नाक शिंकरलं आणि म्हणाले, "व्हा समोर, मी येतो." वर्ध्याला मी त्यांना गिरडच्या गाडीत बसवून दिलं. या वेळी मात्र त्यांनी मला धावायला लावलं.

गिरडहून दर रविवारी मला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिला प्रश्न, "थांबते का?"

"थांबते, मामा."

"लय वेळ?"

"बराच वेळ. दाराकडं पाहत उभी राह्यते म्हने."

"हं," असा एक हुंकार. त्यात काळजी किती आणि समाधान किती, ते त्यांचं त्यांना माहीत. मग ते गिरडचं सांगायचे. टेकडीवर दर्ग्याला येणारी माणसं बघत बसतात, एक जोडे काढतो तिथेच सगळे कसे जोडे काढतात ते. मुलीच्या घरी बकऱ्या आहेत, पण बकऱ्यांशी त्यांचं मुळीच जमलं नाही. "बकरीचं काई खरं नाई वं. कोनी समोर नाई, कोनी मांगं नाई. जे ते सरपंच!"

एकदा वंदनाने हौसेने रानातून व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर सोमी दिसली आणि मामा न राहवून ओरडले, "सोमेऽऽ!" झालं. सोमीची मान वर, सगळ्यांच्या माना वर, आणि कळप वंदनाच्या हातातल्या फोनवर चालून आला. मारकीने फोनला नाक लावलं. पलीकडे मामांना फक्त एक भलीमोठी ओली नाकपुडी दिसत होती आणि ते विचारत होते, "हे कोन व्हय?" पुढचे चार दिवस सोमी पुन्हा दारात ठाण मांडून. आईने फर्मान काढलं, मामांचा आवाज गावात येता कामा नये.

दसऱ्यानंतर वंदना सांगायला लागली, थांबते, पण थोडीच. मग, फक्त हळू होते. मी मामांना तसंच सांगितलं. पलीकडे एक बकरी ओरडली. मग, "बरं झालं. लय बरं झालं," आणि फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी बकऱ्यांना शिव्याही दिल्या नाहीत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मामा गिरडहून माझ्याकडे वर्ध्याला आले. म्हणाले, मले पाहाचंच हाय. सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघालो. गाडीत त्यांनी हिशेब मांडला. "हे पाहा पोरी. थांबली तं कळप मोडला, सूनबाईचं काम गेलं, पन मी आपल्या घरी येऊन राह्यतो. कोनाले कायचं लपाचं मंग? आन् नाई थांबली, तं कळप राह्यला, सूनबाई जितली, आन् मी परत गिरडले. मी गावात दिसलो का थे पुन्हा अडनार."

"मंग तुमाले काय वाटते, मामा? काय व्हावं?"

"ते नको इचारू," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

गावाबाहेर उतरून आम्ही मागच्या बाजूने, पऱ्हाटीतून, चोरासारखे आमच्या परसात शिरलो. आईने मामांना मधल्या खोलीच्या खिडकीशी आणलं. समोर गल्ली, पलीकडे मामांचं घर, दाराला झेंडूचं तोरण. दूर आखराकडून डफड्याचा आवाज यायला लागला. मामांनी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले.

सोमी आली. शिंगं लाल रंगवलेली, पाठीवर हळदीच्या हातांचे ठसे, गळ्यात नवी घंटी. अशी झोकात चालत होती, की मला तिचा रागच आला. मामांच्या दारापाशी आली आणि तिचे पाय हळू झाले. मामांनी कपाळ गजांना टेकवलं. आई पुटपुटली, "चाल वं माय, चाल." सोमीने ओट्याकडे तोंड न वळवता एकदा कान हलवला. आणि गेली. सरळ पुढे गेली. तिच्या मागे मारकी, मारकीच्या मागे कपाळाला गुलाल लावलेलं सगळं गाव, वासरं, कालवडी, एकमेकींना खेटून, धूळ उडवत. सगळ्यांच्या मागे वंदना. नवं लुगडं, मामांची काठी बगलेत. डफडेवाले पुढे जाऊ का म्हणून थांबले, तर त्यांना हात करत म्हणाली, "व्हा समोर, व्हा समोर, मी येतो!" वर्षानुवर्षं ऐकून ऐकून तिच्या तोंडी तेच बसलेलं, "येतो"सकट.

"नाई थांबली!" मामांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की मी खिडकीवर आपटले. "पाह्यलं का? एकबी नाई थांबली! जमवलं सूनबाईनं! अबाबाबा, काय चालली राजेहो!" आवाज दाबून ओरडायचं म्हणून त्यांनी दुपट्ट्याचा बोळा तोंडाशी धरला होता. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. पलीकडून गोवर्धन पार झाल्याचा गलका ऐकू आला, फटाके वाजले.

गल्लीतली धूळ खाली बसली. मामा अजून गज धरूनच उभे होते.

"आता," ते म्हणाले, "थोडी मान वळवली असती सटवीनं, तं काय तिच्या बापाचं जात होतं?"

त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाची गाठ सोडली. आत भाकरीचा तुकडा होता. गिरडहून बांधून आणलेला, दोन दिवसांचा, वाळून कडक झालेला.

"हे काय मामा?"

"असंच. थांबलीच असती, तं मंग..."

त्यांनी तो तुकडा मोडला. अर्धा माझ्या हातावर ठेवला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. आईने आतून हाक मारली, "चला, जेवून घ्या, मंग मांगच्या वाटेनं गाडी गाठाची हाय."

"व्हा समोर," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी येतो."

मी जागची हलले नाही. हातावरची भाकर खाल्ली, आणि ते मागे येतील म्हणून वाट बघत उभी राहिले.